हिरव्या कडेचं लाकूड

खांबाच्या कापलेल्या तोंडाला हिरवी कड होती. बाहेरून आत अंगठ्याच्या रुंदीएवढी, शेवाळापेक्षा फिकी, आणि जिथे संपत होती तिथे पट्टीनं रेघ ओढल्यासारखी संपलेली. आतला गाभा मात्र कुठल्याही जुन्या लाकडासारखा पिवळट तपकिरी होता. शेवाळ असतं तर ओलीच्या बाजूला जास्त आणि उन्हाच्या बाजूला कमी दिसलं असतं. ही कड चारी बाजूंना सारखी होती. मी नखानं खरवडून पाहिली. निघाली नाही.

"वहिनी, लाकूडच हाय ते. चावत नाय," भिकाजी मेस्त्री करवत मांडीवर आडवी ठेवून म्हणाले.

"हिरवं कशानं झालंय?"

"मला काय म्हाईत? तुमच्या दिराला विचारा. त्याच्या कारखान्याचं सोनं हाय ते."

माझा दीर दत्ताराम पलीकडे जाळीचं भेंडोळं उलगडत बसला होता. मे महिना होता. मी दर वर्षीसारखी खेडजवळच्या माझ्या सासरी आले होते. नवऱ्याला रजा नव्हती, तो पुण्यातच होता. त्या वर्षी मुंगसानं कोंबड्यांचा फडशा पाडला होता, म्हणून खुराड्याला लागून जाळीचं मोठं आवार करायचं ठरलं होतं. कोंबड्यांना दिवसभर उघड्यावर फिरता यावं आणि मुंगसाला आत शिरता येऊ नये, असं. जाळी आली होती. अडलं होतं ते खांबांवर. आमच्याकडच्या पावसात जमिनीत गाडलेलं लाकूड खालून कुजतं आणि वाळवी ते आतून पोखरते. त्यामुळे खांब कुठल्या लाकडाचे, यावर आदल्या दिवसापासून वाद चालला होता आणि विज्ञान शिकलेली म्हणून निकाल द्यायला मला बसवलं होतं.

"माझं मत विचाराल तर ऐन घ्या," भिकाजी म्हणाले. "बुंधा जाळून काळा करायचा, वरनं डांबर. नायतर खैर. खैराचा खांब एकदा गाडला की विसरून जायचं."

"खैर तोडायची परवानगी कोण काढणार? तुझा सासरा?" दत्ताराम म्हणाला.

"माझा सासरा गेला वर."

"मग आता वरनंच काढील की."

दोघंही हसले.

"आकेशिया?" मी विचारलं.

"नको वहिनी. दोन पावसांत पाव भिजल्यागत होतो," भिकाजी म्हणाले.

"ऐन नको नि आकेशिया नको." दत्ताराम उठला आणि त्यानं हिरव्या कडेच्या त्या खांबावर थाप मारली. "हे बघा. माझ्या लग्नाच्या वर्षी आणलंय. तेव्हापासून गोठ्यामागे उघड्यावर पडलंय. एक भोक दाखवा मला. वाळवी येते, वास घेते नि आल्या पावली परत जाते. आमच्या कारखान्यात पाणी थंड करायचा लाकडी मनोरा होता, वहिनी. घरापेक्षा उंच. आत बारा महिने पाणी कोसळायचं, तरी फळी कुजली नाय कधी. तो पाडला तेव्हा साहेब म्हणाले, कामगारांनी हवं तेवढं न्यावं. मी टेंपो भरभरून आणलं. गाव बघायला आला होता."

"बघायला कशाला, मागायला आला होता," भिकाजी म्हणाले. "दिलंस कुणाला?"

"तुला दिलं असतं तर तू त्याचे पाट करून विकले असतेस."

पडवीच्या टोकाला माझ्या सासूबाई त्यांच्या वेगळ्या चुलीपाशी बसून स्वतःचा चहा उकळत होत्या. घरात गॅस होता, धुतलेलं स्वयंपाकघर होतं, धाकटी सून होती. तरी गेली तीन वर्षं त्या आपलं आपण रांधून खात होत्या. एवढ्यात ती धाकटी सून, कुंदा, मेस्त्रींचा चहा घेऊन बाहेर आली.

"मेस्त्री," सासूबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या, "तिच्या हातचा घेताय होय? घ्या, घ्या. तुमची पोरं हाताशी आलीत ना?"

भिकाजींचा पुढे झालेला हात क्षणभर थांबला. मग त्यांनी कप घेतला, पण तोंडाला लावला नाही. शेजारच्या खांबावर ठेवून दिला. चहा तिथेच निवत राहिला. कुंदा रिकामं ताट घेऊन आत गेली. दत्ताराम जाळीची गुंतलेली तार सोडवत होता, ती सोडवतच राहिला.

कुंदा मिरजेची. दत्तारामचा पाय मोडला तेव्हा मिरजेच्या एका दवाखान्यात ती वॉर्डात कामाला होती. तो बरा होऊन परत आला तो लग्नाचं ठरवूनच. जात वेगळी, मुलूख वेगळा. सासूबाईंनी वर्षभर तोंड वाकडं ठेवलं, मग हळूहळू तिच्या हातच्या भाकरीचं कौतुकही करू लागल्या होत्या. तेवढ्यात त्यांचं दुखणं सुरू झालं. पोटात आग, मळमळ, तळपायांना मुंग्या, छातीवर पावसाचे थेंब पडल्यासारखे काळे-पांढरे ठिपके, आणि तोंडाला कायम गंज चाटल्याची चव. खेडच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, चिपळूणच्या डॉक्टरांनी त्या बदलल्या. मग शेजारपाजारचं कुणीतरी म्हणालं की सून परकी, कशात काय घालत असेल कोण जाणे, आणि सासूबाईंना ते एकदम पटलं. त्यांनी वेगळी चूल मांडली. तरी बरं वाटेना, तेव्हा म्हणू लागल्या की पाण्यात घालते. मग त्यांचा हंडाही वेगळा झाला. कुंदाला दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा गर्भ टिकला नाही, त्यावरही त्या म्हणाल्या होत्या, "दुसऱ्याच्या पोटात घालणारीच्या पोटात देव कशाला काय ठेवील?"

आदल्या दिवाळीला आम्ही त्यांना पुण्याला आणलं होतं. महिनाभरात मळमळ थांबली, त्या दोन्ही वेळा नीट जेवू लागल्या. परत गावी गेल्या आणि थोड्याच दिवसांत पुन्हा अंथरुणाला खिळल्या. गावाला याहून मोठा पुरावा नको होता. मलाही दुसरं काही कारण सापडत नव्हतं.

आदल्या संध्याकाळी विहिरीवर कुंदानं मला विचारलं होतं, "ताई, तुम्ही सरकारी प्रयोगशाळेत पाणी तपासता ना?"

"हो."

"जेवण तपासता येतं का?"

"कसलं जेवण?"

"माझ्या हातचं. डबा भरून देते. भात, आमटी, भाजी, सगळं. तुमच्या यंत्रात घाला आणि काय निघेल ते या माणसांसमोर मोठ्यानं सांगा."

"कुंदा, मला त्याची गरज वाटत नाही."

"मला वाटते की हो." तिनं कळशी काठावर टेकवली. "हे दोनदा म्हणाले, खेडला खोली घेऊ, वेगळं राहू. मीच नाही म्हटलं. असं उठून गेले तर जन्मभर मी तीच ठरणार. विष घालणारी."

मी तिची कळशी उचलून तिच्या कमरेवर दिली होती.

भिकाजींनी खांबाचं टोक कापून बाजूला भिरकावलं. दत्तारामनं ते उचललं आणि न्हाणीघराच्या भिंतीशी रचलेल्या ढिगावर टाकलं.

"ते तिकडे कशाला?" मी विचारलं.

"बंबाला. चिरलेलं, मोडकं सगळं बंबातच जातं. चांगलं वाळलंय, पेटतंही झटकन. आणि जाळ बघाल तर काय सुंदर! पोपटी."

"पोपटी?"

"या ना, दाखवतो."

न्हाणीघराच्या दाराशी तांब्याचा बंब धडधडत होता. मी वाकून आत पाहिलं. ज्वाळा पिवळ्याच होत्या, पण त्यांच्या कडांना, लाकडाच्या जवळ, कोवळ्या पानासारखा हिरवा रंग खेळत होता. तांब्याचा क्षार ज्योतीत धरला की असाच रंग दिसतो. मी तो कितीतरी वेळा पाहिला होता. म्हणजे लाकडात तांबं मुरवलेलं होतं. कुजू नये म्हणून. इथवर मी शांत होते, थोडीशी खूशही होते, कारण हिरव्या कडेचं कोडं सुटलं होतं. पण नुसतं तांबं मुरवून लाकूड एवढं टिकत नाही. त्याच्यासोबत आणखी दोन गोष्टी घालतात. एक क्रोमियम. दुसरी आठवली आणि माझी नजर आपोआप बंबाच्या खाली गेली.

तिथे राख नव्हती. जागा कोरडी, झाडून स्वच्छ केलेली होती.

"भाऊजी, राख कुठे जाते?"

"ती आईच्या ताब्यात. चिमूटभर वाया जाऊ देत नाय."

मी पडवीकडे वळले. सासूबाईंचा चहा पिऊन झाला होता. त्यांनी मांडीवरची पत्र्याची डबी उघडली होती आणि तिच्यातली करडी, मऊ पूड ओल्या बोटावर घेऊन त्या हिरड्यांना चोळत होत्या. तोंडाची चव जावी म्हणून चहानंतर एकदा, जेवणानंतर एकदा, अशी त्या राखुंडी लावत. मी ते सुट्टीत दर वर्षी पाहत आले होते.

"आई, थुंका!"

माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. मी त्या घरात कधी मोठ्यानं बोलले नव्हते. सासूबाई दचकून माझ्याकडे पाहत राहिल्या, बोट तोंडातच.

"थुंका! गिळू नका!" मी धावत गेले आणि त्यांच्या हाताला फटका मारला. डबी उडून अंगणात पडली, पूड सांडली. काहीतरी खायला पडलं असं वाटून कोंबड्या चहूकडून धावत आल्या. मी साडीचा घोळ तसाच हातात धरून त्यांच्या मागे धावले, त्यांना हाकललं, पूड पायानं मातीत ढकलली, मग पायाला लागली म्हणून पाय झटकत उभी राहिले. भिकाजी मेस्त्री उठून उभे राहिले होते. कुंदा दारात आली होती.

"वेड लागलं काय गो हिला?" सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या ओठांच्या कडांना करडी रेघ होती. "सासूवर हात टाकतेस?"

"चूळ भरा आधी. कुंदा, पाणी आण."

"तिच्या हातचं नको."

"मग मी आणते!" मी पुन्हा ओरडले, आणि स्वतःच त्यांच्या हंड्यातलं पाणी तांब्यात घेऊन त्यांच्या तोंडाला लावलं. त्यांनी चूळ भरली. बहुतेक माझ्या भीतीनं.

"राखुंडीला राख कुठली घेता?"

"बंबाची. दुसरी कुठली? शेणीची राख खरखरीत असते. ही बघ कशी, पिठासारखी. मी स्वतः चाळते."

"किती वर्षं?"

"दत्तूनं हे लाकूड आणलं तेव्हापासून."

मी कुंदाकडे वळले. "भांडी कशानं घासतेस?"

"त्याच राखेनं. साबण लावला तर आई म्हणतात, आमटीला वास येतो."

"आणि कडधान्य?"

"राख लावून ठेवलंय," सासूबाई म्हणाल्या. "वाल, कुळीथ, सगळं. अजून एक दाणा किडका निघाला नाय."

"निघेल कसा?" दत्ताराम हसत म्हणाला. "त्या लाकडाला वाळवी लागत नाय, तर राखेला कीड कशी..."

तो तिथेच थांबला. त्याच्या तोंडावरचं हसू जायला वेळ लागला. आधी डोळ्यांतून गेलं, मग ओठांवरून. त्यानं माझ्याकडे पाहिलं, ढिगाकडे पाहिलं आणि आईकडे पाहिलं.

"वहिनी," तो म्हणाला, "काय हाय त्यात?"

मी सासूबाईंचा हात धरून उन्हात आणला. तळहातांवर जागोजागी मक्याच्या दाण्यांसारखे कठीण उंचवटे होते. आम्ही सगळे ते कामाचे घट्टे समजत होतो. मी बोटं उलटी केली. नखांवर आडव्या पांढऱ्या रेघा होत्या, एकीखाली एक, लाटा येऊन गेल्यासारख्या. मग मी कुंदाचा हात मागितला. तिनं तो पुढे केला. तिच्या नखांवर तशीच एक रेघ होती. पुसट, पण होती.

"तपासल्याशिवाय मी नाव घेणार नाही," मी म्हटलं. "तोवर हे लाकूड जाळायचं नाही, कापायचं नाही. राखेला हात लावायचा नाही. कडधान्य खायचं नाही. मेस्त्री, तुम्ही हातपाय धुऊन मगच घरी जा, भुसा अंगावर नेऊ नका."

"मला सकाळपासनं खाजतंय खरं," भिकाजी हळूच म्हणाले.

"तिनंच शिकवलंय हिला," सासूबाई म्हणाल्या. पण आवाजात जोर नव्हता. त्या आपल्या नखांकडे बघत होत्या.

मी दुसऱ्याच दिवशी पुण्याला गेले. बरोबर राख, राखुंडी, लाकडाचा कपचा, दोघींच्या नखांची टोकं आणि केस, सगळं वेगवेगळ्या बाटल्यांत. कुंदानं निघताना खरोखरच एक डबा आणून दिला, मुद्दाम नेहमीचीच कडधान्यं घेऊन नेहमीच्याच भांड्यांत रांधलेला. भात, आमटी, भाजी. मी तोही नेला, आणि तोही तपासला. राखुंडीचा आकडा आला तेव्हा मी यंत्र पुसून, नवं द्रावण बनवून पुन्हा मोजलं. मग तिसऱ्यांदा मोजलं. आमच्या साहेबांनी विचारलं, "ही कुठल्या कारखान्याची राख?" मी म्हटलं, "आमच्या घरची."

आठवड्यानं मी परत आले तेव्हा खुराड्यापुढे ऐनाचे खांब उभे होते आणि भिकाजी त्यांना जाळी ठोकत होते. गोठ्यामागचा ढीग प्लास्टिकनं झाकलेला होता. दुपारची वेळ होती. कुंदानं पडवीत पानं मांडली होती. सासूबाईंचं पान त्यांच्या चुलीपाशी वेगळं होतं.

"काय निघालं?" दत्तारामनं मला पाय धुवायलाही वेळ दिला नाही.

भिकाजी हातोडी ठेवून निघू लागले. "तुमचं घरचं बोलणं, मी येतो."

"बसा मेस्त्री," कुंदा म्हणाली. "तुम्हीपण ऐका."

ते पायरीवर बसले.

"सोमल निघाला," मी म्हटलं.

सासूबाईंनी मान वर केली. तो शब्द त्यांना माहीत होता. "उंदरांना घालतात तो?"

"हो. तोच."

"बघा!" त्या उठू पाहत म्हणाल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी सुटल्यासारखं आलं. "बघा, मी सांगत नव्हते? घातलाच ना? तुम्ही सगळे म्हणत होता, म्हातारीला भ्रम झालाय!"

कुंदा मात्र हलली नाही.

"आई, घातला नाही कुणी. तो लाकडात होता. पाण्यात राहून लाकूड कुजू नये, वाळवीनं खाऊ नये म्हणून कारखान्यासाठी ते सोमलात मुरवलेलं होतं. लाकूड जळतं, पण सोमल बराचसा राखेत उरतो. सगळं लाकूड जळून मूठभर राख होते, त्यामुळे राखेत तो लाकडापेक्षाही दाट होतो. ती राख तुम्ही रोज हिरड्यांना लावत होता. कुंदाच्या डब्यात जेवढा निघाला तो तुमच्या राखुंडीपुढे नसल्यासारखा होता. जो होता तो कडधान्याला लावलेल्या राखेतून आणि घासलेल्या भांड्यांतून आला होता."

"पण पुण्याला मला बरं वाटलं."

"पुण्याला आमच्याकडे राखुंडी नव्हती."

जाळीपलीकडे कोंबड्या माती उकरत होत्या. सासूबाई पुन्हा खाली बसल्या, पदर सावरला, हात मांडीवर उताणे ठेवले.

"राख मी चाळायची," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "मीठ मी घालायची. लवंग मीच कुटायची. पुण्याला निघताना डबी फळीवर राहिली. मला केवढी रुखरुख लागली होती."

"लाकूड मी आणलं," दत्ताराम म्हणाला. "टेंपोवर उभा राहून आणलं."

"ताई," कुंदानं विचारलं, "माझ्या नखांत?"

"आहे. आईंच्याइतका नाही, पण आहे."

"ती राख मी रोज हातात घेत होते. दोन्ही वेळच्या भांड्यांना." ती थांबली. "माझं दोनदा राहिलं नाही, त्यालाही हेच का?"

हा प्रश्न येणार हे मला गाडीतच कळलं होतं, आणि सबंध घाट उतरताना मी त्याचं उत्तर जुळवत आले होते. "या विषानं तसं होतं, एवढं माहीत आहे," मी म्हटलं. "तुझ्या बाबतीत तेच झालं का, हे आता कुणालाच सिद्ध करता येणार नाही."

"पण झालेलं असू शकतं."

"हो. असू शकतं."

तिनं मान डोलावली. जणू मी तिला बसची वेळ सांगितली होती. भिकाजी मेस्त्रींनी टोपी काढून हातात घेतली होती आणि ती नुसतीच फिरवत होते.

मग सासूबाई उठल्या. भिंतीचा आधार घेत आल्या आणि बाकीच्या पानांच्या ओळीत येऊन बसल्या.

"कुंदे," त्या म्हणाल्या, "वाढ मला."

कुंदानं आतून भाताचं भांडं आणलं. भात वाढला, वरण वाढलं, तूप घातलं, लिंबाची फोड ठेवली. सासूबाईंनी पहिला घास कालवला, तोंडात घातला आणि खाली मान घालून चावत राहिल्या. त्यांच्या गालावरून पाणी ओघळून भातात पडत होतं. त्या ते पुसत नव्हत्या.

"मेस्त्री, तुम्हाला पान वाढू?" कुंदानं विचारलं.

"वाढ बाय," भिकाजी म्हणाले आणि हात धुवायला गेले.

दत्तारामनं मोठा श्वास सोडला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तो पाठ टेकून बसला. "चला," तो म्हणाला, "सुटलो एकदाचे. देवानं डोळे उघडले. उद्या मी ते सगळं लाकूड कारखान्यात परत टाकून येतो. मग आपण..."

"थांबा जरा," कुंदा म्हणाली.

तिनं भांडी आत नेऊन ठेवली, हात धुतले, पदराला पुसले आणि येऊन आमच्यासमोर खाली बसली. त्या घरात पानं वाढलेली असताना तिला बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"आई, पोटभर जेवा," ती म्हणाली. "औषधपाणी ताई बघतील, तुम्ही बऱ्या व्हाल. मेस्त्रींनी ऐकलंय, म्हणजे संध्याकाळपर्यंत गावानं ऐकलेलं असेल. मला एवढंच पाहिजे होतं." मग ती नवऱ्याकडे वळली. "मी विष घालत नाही, हे सांगायला पुण्यातनं यंत्र यावं लागलं. तुम्ही तर याच घरात होता. माझ्या हातचं दोन्ही वेळा जेवत होता. एकदा तरी आईंना म्हणायचं होतं की, अगं, मी रोज हिच्या हातचं खातो, मला काय झालंय?"

दत्तारामचा घास हातातच राहिला. "कुंदा, मला वाटलं, बोललो तर आणखी वाढेल. आता झालं ना सगळं..."

"झालं. म्हणूनच बोलते." तिचा आवाज चढला नाही. "मिरजेच्या दवाखान्यात मला परत घेतील, मी विचारून ठेवलंय. मावशीच्या घरी एक खोली रिकामी आहे. दुसऱ्या वेळेलाही राहिलं नाही आणि मी अंथरुणातून उठून बसले, तेव्हाच हे ठरवलं होतं, पण तो डाग घेऊन मला उंबरा ओलांडायचा नव्हता. तुम्हाला यायचं असेल तर या, नसेल तर राहा, मी अडवणार नाही. मी उद्या सकाळच्या गाडीनं जाणार, आणि या घरात परत यायची नाही."